हैरोलाला केलेला फोन

लेहतिकोस्कीत तेव्हा तेवीस टेलिफोन होते, आणि ते सगळे माझ्या एका फळ्याला येऊन मिळत. डॉक्टर, पाद्री, रेल्वे स्टेशन, शाळा, गिरणी, सहकारी दुकान. बाकीचे मोठ्या शेतवाड्यांच्या मालकांकडे. एक्स्चेंज म्हणजे गिरणीमागच्या लाकडी घरातली एक खोली. खोलीत शेगडी, खिडकी तळ्याकडं, आणि भिंतीला तो फळा. कुणी आपल्या घरी हँडल फिरवलं की त्याच्या नंबरची झडप टपकन खाली पडे. मी दोरीची खुंटी त्या नंबरच्या भोकात घालायची आणि विचारायचं, “कोण हवंय?” लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. पण कानाला काही पापणी नसते.

अठरा सालची आपसातली लढाई का झाली, हे आता शाळेत शिकवतात. मला विचाराल तर ती आमच्या घरापासून सांगावी लागेल. माझा बाप हैरोलाच्या वाडीचं कूळ. उतारावरची तीन शेतं, एक गाय, दोन खोल्यांचं घर. त्याबदल्यात आठवड्यातले चार दिवस मालकाच्या शेतावर राबायचं, सुगीत सहा. आपलं गवत पावसात कुजलं तरी चालेल, आधी मालकाचं गोठ्यात जायला पाहिजे. मी चौदा वर्षांची असताना एका सुगीत सगळी कुळं अडून बसली. दिवस कमी करा, म्हणाली. मालक गुस्ताव हैरोला यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. मार्च महिन्यात मात्र चार कुळांना घराबाहेर काढलं. त्यात आम्ही.

काढायला आला होता वाडीचा कारभारी, एलिएल. त्यानं बापाची खाट स्वतः उचलून अंगणात ठेवली आणि बर्फ भुरभुरत होता म्हणून तिच्यावर आपला कोट घातला. मग खालमानेनं म्हणाला, “आमच्याकडची न्हाणीची खोली रिकामी आहे. उन्हाळ्यापर्यंत राहा.” बाप त्या उन्हाळ्यापर्यंत जगलाच नाही. एलिएलची बायको फान्नी रोज जवाची लापशी आणून द्यायची, तोंडानं एक शब्द न बोलता. माझा भाऊ विहतोरी तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यानं ती लापशी खाल्ली, पण हैरोलाचं नाव तो कधी विसरला नाही.

मग सतरा साल आलं. रशियात झार गेला आणि त्याच्या हाताखालचे आमचे पोलीसही गेले. धान्य येईना. पावाच्या पिठात आम्ही पाइनची साल दळून घालू लागलो. पोटं दुखायची, मुलं रडायची. मालकांच्या कोठारात धान्य लपवलंय, असं मजूर म्हणत. मजुरांकडे बंदुका आल्यात, असं मालक म्हणत. दोन्ही खरं होतं. देश रशियापासून स्वतंत्र झाला त्याच महिन्यात गावात दोन टोळ्या उभ्या राहिल्या, मजुरांची लाल फितीची, मालकांची पांढऱ्या फितीची. “सायमा, स्टेशनवर कसले खोके उतरले गं?” असं पाद्री मला विचारायचे, आणि तासाभरानं कामगार संघाच्या खोलीतून कुणीतरी विचारायचं, “सायमा, पाद्रीबुवा कुणाकुणाला फोन करताहेत?” मी दोघांनाही एकच उत्तर द्यायचे, “मला काय ठाऊक?” आणि खुंटी काढून घ्यायचे.

जानेवारीच्या शेवटी लालांनी गाव घेतलं. आमच्या गावात एकही गोळी सुटली नाही. पांढऱ्या फितीचे होते ते उत्तरेकडं पळाले, आणि सकाळी माझ्या खोलीत ओस्कारी मुल्ताला येऊन उभा राहिला. मुल्ताला गावचा चांभार. आता तो लालांचा मुख्य झाला होता.

“भिऊ नकोस,” टोपी काढत तो म्हणाला. “तू आपलं काम कर. फक्त इथं आता पहारा राहील.”

“पहारा माझ्यावर का टेलिफोनवर?”

“तुझे बूट मी शिवलेत बाई, तुझ्यावर कशाला पहारा ठेवू?” तो म्हणाला. पण पहारा ठेवला.

पहाऱ्यावर बहुतेक दिवस विहतोरीच असायचा. एकोणीस वर्षांचा, मिशी अजून फुटायची होती, आणि खांद्यावर त्याच्याहून जड रशियन बंदूक.

“आता मला साहेब म्हणायचं,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

“म्हणते की. साहेब, बुटाचा चिखल बाहेर झाडून या.”

तो हसला आणि खरंच बाहेर जाऊन बूट झाडून आला. त्या हिवाळ्यात आम्ही हसलो ते तेवढंच म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारीत तांपेरे शहराच्या बाजूनं जखमींच्या गाड्या येऊ लागल्या. मार्चमध्ये त्या वाढल्या. लढाई लालांच्या हातातून निसटत होती, आणि जसजशी निसटत होती तसतशी बाहेरची माणसं गावोगाव फिरू लागली होती. घोड्यांवरून, स्लेजमधून येत, याद्या मागत, माणसं नेत. त्यांना उडती तुकडी म्हणायचे. शेजारच्या गावातून त्यांनी डॉक्टर नेला, दोन शेतकरी नेले. कुणी परत आलं नाही.

एका दुपारी स्टेशनची झडप पडली. मी खुंटी घातली. एक घोगरा आवाज, जणू घशात वाळू भरलीय.

“मुल्ताला.”

“आपण कोण बोलताय?”

“मुल्ताला दे.”

मुल्ताला योगायोगानं माझ्याच खोलीत शेगडीशी बसला होता. मी फळ्याचा दुसरा रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि माझा कानावरचा काढायचा राहिला. खरं सांगते, काढला नाही.

“हैरोलाचा मालक,” घोगरा आवाज म्हणाला. “पांढऱ्यांना घोडे पुरवलेत त्यानं. उद्या सकाळी सातला येतो.”

“आमच्या गावात आम्ही बघतो,” मुल्ताला म्हणाला. “तो म्हातारा आहे. कुठं पळतोय?”

“तुझं मत विचारलं नाही.”

“कामगार समितीचा ठराव आहे, की चौकशीशिवाय...”

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मुल्तालानं रिसीव्हर परत दिला. त्याच्या बोटांना चांभारी डांबराचा वास होता.

“ऐकलंस?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“छान. मीही नाही ऐकलं.” टोपी घालून तो बाहेर पडला. दारात क्षणभर थांबला, वळला नाही, आणि गेला.

खोलीत मी आणि विहतोरी. तो खिडकीशी बसून बंदुकीचा खटका तेलानं पुसत होता. त्याला पलीकडचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, मुल्तालाचं गेलं होतं.

मी शूर नाही. त्या मालकावर माझी माया होती असंही नाही. माझा बाप त्यानं बर्फात काढला होता. पण सात वाजता काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि आता ते ठाऊक नसल्यासारखं जेवायचं, झोपायचं, सकाळी सातला उठून खिडकीतून बघायचं... ते मला जमेना. गोळीपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली. अर्धा तास मी फळ्याकडं नुसती बघत बसले. मग हैरोलाची घंटी वाजवली.

फोन मालकीणबाईंनी घेतला. आमांडाबाई. त्यांना कमी ऐकू यायचं.

“मालकीणबाई, मी एक्स्चेंजमधून सायमा. उद्या सकाळी सातला तुमची लाइन तपासायला बाहेरगावची माणसं येणार आहेत.”

“काऽय? कोण येणार?”

“बाहेरगावची माणसं. लाइन तपासायला.”

“लाइनला काय धाड भरलीय? चांगली तर आहे!”

विहतोरीचा तेलाचा बोळा थांबला होता.

“ती माणसं येतील तेव्हा मालक घरात नसले तरी चालेल,” मी म्हटलं. “नसले तर बरंच. आजच कुठं गेले तर आणखी बरं.”

मग आमांडाबाई, ज्यांचा आवाज साऱ्या गोठ्याला ऐकू जायचा, अगदी हळू म्हणाल्या, “कळलं, बाळा.”

मी खुंटी काढली. विहतोरी माझ्याकडं बघत होता.

“ज्यानं बापाला घराबाहेर काढलं, त्याला?”

मी दोरी गुंडाळून जागेवर ठेवली.

“मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला.

“मग बोलतोस कशाला?”

“तू ऐकावंस म्हणून.” पुन्हा बोळा घेऊन तो खटका पुसू लागला. पुसता पुसता म्हणाला, “उद्या सकाळचा पहारा माझाच आहे. तू पोटात दुखतंय म्हणून घरी जाऊ नकोस. लगेच संशय येईल.”

दुसऱ्या दिवशी सहालाच आम्ही दोघं खोलीत होतो. सातच्या सुमाराला गिरणीवरून तीन स्लेज गेल्या. कुणी गात नव्हतं, बोलत नव्हतं. नुसत्या घोड्यांच्या नाळा. साडेसात वाजून गेल्यावर हैरोलाची झडप पडली.

“एलिएलला नेलं!” आमांडाबाई ओरडत होत्या. “मालक सापडले नाहीत म्हणून एलिएलला नेलं! मालक कुठं गेलेत ते सांग म्हणतात, त्याला कुठलं ठाऊक असणार! मारलंय त्याला, रक्त आलंय. डॉक्टरांना पाठव गं!”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. विहतोरीनं बोलायचा भोंगा माझ्यासमोरून आपल्याकडं ओढला.

“मालकीणबाई, मी विहतोरी. डॉक्टर पोचणार नाहीत, रस्त्यावर तेच उभे आहेत. दारं लावून घ्या. फान्नीबाईंना आत घ्या. ऐकताय ना? फान्नीबाईंना आत घ्या.”

तो हे बोलत असतानाच खिडकीबाहेर, गोठलेल्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर, बार झाला. मग आणखी एक. थंड हवेत आवाज कसा लांबवर जातो ना, तसा तो तळ्यावरून सरकत आमच्यापर्यंत आला. विहतोरी भोंगा धरून तसाच उभा.

मुल्तालानं रस्त्यात आडवं होऊन त्यांना थांबवायचा प्रयत्न केला होता, असं मागून कळलं. ते हसले आणि त्याच्या बाजूनं निघून गेले. दुपारी त्यानंच एलिएलला स्लेजवर घालून फान्नीच्या दारात आणलं.

मालक आदल्या संध्याकाळी तळ्यातल्या बेटावरच्या कोळ्याच्या खोपीत गेले होते. मी एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला मारलं, असं त्या दिवसापासून मी मनाशी घोकू लागले. विहतोरी म्हणायचा, “मारलं त्यांनी. तू नाही.” पण हेही तो माझ्याकडं न बघता म्हणायचा.

तीन दिवसांनी तोच घोगरा आवाज आला.

“मुल्ताला नको,” तो म्हणाला. “तूच बोल. हैरोलाच्या मालकाला कुणी सांगितलं?”

“मला काय ठाऊक?”

“तू लोकांचं बोलणं ऐकतेस?”

“तसा नियम नाही.”

“नियम नाही विचारला मी.” मग नुसता श्वास. “तुझं नाव काय?”

मी सांगितलं. खोटं नावही सुचलं नाही.

“येतो मी तिकडं, सायमा. आठवड्याभरात.”

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. गिरणीकडून स्लेज आली की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. पावाचा घास तोंडात फिरत राहायचा. विहतोरी स्वतःचा नसलेला पहाराही घेऊन माझ्या दाराशी बसू लागला. “तो आला तर?” मी विचारलं. “तर मी आहे,” तो म्हणाला, आणि त्याचीही मान घामानं भिजलेली मला दिसली. तो माणूस आला नाही. तांपेरे पांढऱ्यांच्या हाती पडलं. तो त्यात मेला, की पळाला, की कुठं म्हातारा होऊन अंथरुणात गेला, मला कधीच कळलं नाही.

एप्रिल संपता संपता लालांची माणसं बायकापोरांसकट गाड्यांवर सामान लादून पूर्वेकडं निघाली. मी विहतोरीला म्हटलं, “जा तूही.” तो म्हणाला, “मी कुणाला मारलंय? कशाला पळू?” मुल्तालाही गेला नाही. पांढरे आले तेव्हा तो आपल्या दुकानात बुटाचा तळ शिवत बसला होता. त्याला तसाच उचलला, हातात आरी होती.

पांढऱ्यांनीही एक्स्चेंजवर पहारा बसवला. त्यांचा लेफ्टनंट कॉलेजातला कोवळा मुलगा, फार सभ्य. “बाई, कृपया शाळा जोडून द्याल का?” असं म्हणायचा. शाळेत त्यांचं न्यायालय बसलं होतं. तीन माणसं, एक टेबल. शाळेमागं वाळूची खाण होती. सकाळी दहाच्या पुढं खाणीतून बार ऐकू यायचे. लेफ्टनंट तेव्हा बोलता बोलता थांबायचा आणि आवाज विरला की पुन्हा, “हं, काय म्हणत होतो?”

दुसऱ्या दिवशी मुल्तालाचा नंबर लागला. चौकशीशिवाय माणूस द्यायला तो नाही म्हणाला होता, रस्त्यात आडवा झाला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. सांगायला गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? आणि मग सगळाच गुंता सुटत गेला असता. मी खुर्चीत बसून राहिले आणि बार मोजायचे नाहीत म्हणून कानावर रिसीव्हर घट्ट दाबून धरला. माझ्या पायात त्यानं शिवलेले बूट होते.

त्याच दुपारी विहतोरीला धरलं. आरोप असा, की उडत्या तुकडीला हैरोलाची वाट यानंच दाखवली. लाल फितीचा एक पोरगा त्यांच्या पहिल्या स्लेजवर बसलेला कुणीतरी पाहिला होता.

“तो त्या वेळी माझ्यासमोर होता!” मी लेफ्टनंटला म्हटलं.

“आपण त्याच्या बहीण ना?” तो अवघडून म्हणाला. “मग काय उपयोग, बाई?”

मी त्याच्याकडं तासाभराची सुट्टी मागितली, फळ्यावर त्याचा शिपाई बसवला, आणि हैरोलाकडं धावत सुटले. वाटेत चिखल, वितळलेलं बर्फ, दोनदा पडले.

मालक स्वयंपाकघरात बसले होते. त्यांची दाढी पांढरी झाली होती. मी सगळं सांगितलं. त्या सकाळी विहतोरी फोनवर आमांडाबाईंशी बोलला होता, तेवढं शाळेत सांगा, एवढंच मागितलं.

मालक टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा करत राहिले.

“मी बोललो की ते विचारतील, तुम्हाला निरोप कुणी दिला,” ते म्हणाले. “मग विचारतील, तुम्ही तो कारभाऱ्याला का नाही दिलात.” त्यांनी मान वर केली. “एलिएलच्या दारावरून गेलो मी त्या संध्याकाळी. खिडकीतून फान्नी दिसली, ताटं मांडत होती. थांबलो नाही. वाटलं, थांबलो तर उशीर होईल.”

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. शाळेच्या खाणीत आज अजून बार व्हायचे बाकी होते.

“काय म्हणते ती?” आमांडाबाईंनी चुलीपासून ओरडून विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले.

“तू जा फळ्याशी,” त्या म्हणाल्या. “मी फोन करते.”

“आमांडा,” मालक म्हणाले.

“तुम्ही खोपीत होतात. इथं मी होते.”

मी परत येऊन फळ्याशी बसले. पंधरा मिनिटं. अर्धा तास. हैरोलाची झडप जागची हलेना. मालकांनी अडवलं असणार. पाऊण तासानं खाणीत एक बार झाला आणि माझी बोटं टेबलाच्या कडेत रुतली. कुणाचा तो? मग दुसरा. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर शब्द आठवेनात.

झडप पडली.

“शाळा दे,” आमांडाबाई म्हणाल्या.

मी जोडून दिली आणि उघड उघड ऐकत बसले. लेफ्टनंट माझ्या मागं उभा होता. त्यानं अडवलं नाही.

“मी हैरोलाची मालकीण. आमच्या कारभाऱ्याला मारलं त्या वेळी मी फोनवर विहतोरीशी बोलत होते. शपथेवर सांगते.”

“बाई, आपल्याला ऐकू कमी येतं असं समजतं,” पलीकडून एक कोरडा आवाज आला.

“ऐकू कमी येतं, अक्कल कमी नाही. त्यानं आपलं नाव सांगितलं. डॉक्टर पोचणार नाहीत म्हणाला. फान्नीला आत घ्या असं दोनदा म्हणाला. ज्यानं वाट दाखवली त्याला फान्नीची काय पडली असती? तो अजून आहे ना?”

कागदांची चाळवाचाळव. किती वेळ गेला कोण जाणे. “आहे,” तो आवाज म्हणाला.

विहतोरीला गोळी घातली नाही. त्याला दक्षिणेकडच्या कैद्यांच्या छावणीत पाठवलं. गाडी स्टेशनातून सुटली तेव्हा मी फळ्यावर होते, निरोप द्यायलाही जाता आलं नाही. तरी त्या दिवशी मी आनंदानं रडले. छावणीत माणूस जिवंत तर राहतो, असं मला वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात छावण्यांमधून माणसं भुकेनं आणि हगवणीनं मरत होती, रोज. मी दोनदा पाव आणि खारवलेले मासे पाठवले. पोचले की नाही कळलं नाही. जुलैत एके सकाळी पाद्रींच्या कचेरीसाठी बाहेरगावचा फोन आला. मृतांची नावं होती, चर्चच्या वहीत नोंदवायला. तिकडचा कारकून एकेक नाव, जन्मतारीख, गाव वाचत होता, आणि पाद्रींचा लिपिक “हं, पुढं” म्हणत होता. लाइन खराब होती, दोरी हातानं दाबून धरली नाही तर आवाज तुटायचा. मी दाबून धरली. अकरावं नाव विहतोरीचं होतं. मी दोरी सोडली असती तर पुढची नावं गेली असती, त्यांच्या घरी कळलं नसतं. शेवटचं नाव होईपर्यंत मी ती धरून ठेवली. सतरा होती.

सप्टेंबरात मला कामावरून काढलं. लालांच्या वेळी बसलेली बाई नको, असं ठरलं. मावशीच्या गावी, वरवाला, जायच्या आधी मी फान्नीकडं गेले. ती बटाटे काढत होती. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, फोन मी केला होता इथपासून.

तिनं काम थांबवलं नाही.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आमांडाबाईंनी मला एलिएलला पुरलं त्याच दिवशी सांगितलं. त्यांचं हळू बोलणं कसलं ते माहितेय ना तुला.”

“मग शाळेतल्या न्यायालयात तुम्हाला त्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा...”

“तेव्हा मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही.” ती कंबर धरून उभी राहिली. “तुझ्यासाठी नाही हं. एक नाव सांगितलं की ते लगेच विचारायचे, आणखी कोण? त्या खोलीत नावं संपतच नव्हती. मी भ्याले.”

“त्यांच्या तोंडी फक्त मालकांचं नाव होतं, फान्नीबाई. एलिएलचं नव्हतं. असतं तर मी...”

“तेही ठाऊक आहे. तरी रोज विचारते. मालकाला सांगितलंस, एलिएलला का नाही? चुलीशी बसले की विचारते. तुलाच विचारते असं नाही.” तिनं पुन्हा कुदळ उचलली. “विहतोरीचं ऐकलं. लापशी सगळी चाटूनपुसून खायचा. जा आता तू.”

मी निघाले. हैरोलाच्या फाटकाशी मालक उभे होते. त्या हिवाळ्यात कुळकायदा येणार होता, राबायचे दिवस बंद होणार होते, कुळांना आपापली शेतं आपल्या नावावर करून घेता येणार होती. बापाच्या उतारावर तेव्हा हैरोलाच्या गाई चरत होत्या. मालकांनी मला पाहून टोपी काढली. मी थांबले. काय करावं ते कळेना. मग मान लववली आणि स्टेशनकडं चालू लागले.